ढोलापाशी उभं करून सवय लागत नाही

इंदूरच्या आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे 'सेन्सरी प्रॉब्लेम', म्हणजे मुलांना आवाज-स्पर्श असह्य होणं, हे आजकालचं फॅड; एमआरआय नॉर्मल येतो, म्हणजे मेंदूत काही नसतं; डॉक्टरांच्या यादीत असा आजारच नाही; आणि आवाजाला घाबरणाऱ्या पोराला चार दिवस ढोलापाशी उभं केलं की तो सुतासारखा सरळ होतो. आमच्या आईने तो वहिनीला वाचून दाखवला आणि यंदा रंगपंचमीला नातवाला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला न्यायचं, हेही ठरवून टाकलं. म्हणून लिहिते आहे.

आधी ढोलाचं, कारण त्यात मुलाचे हाल आहेत. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. न सांगता मिक्सर लावला तर तो कान दाबून टेबलाखाली शिरतो, आणि मिक्सर थांबल्यावरही बराच वेळ बाहेर येत नाही. कॉलरमागचं लेबल कापल्याशिवाय शर्ट अंगात घालत नाही. लाडावलेलं पोर कुणी बघत असेल तर रडतं. हा खोलीत एकटा असला तरी हेच करतो. अशा मुलाला डीजे, ढोल आणि गुलाल उडवणाऱ्या मशीनच्या गर्दीत उभं करायचं?

सवय होते म्हणता. तुम्हा-आम्हाला होते, पण या मुलांचं घोडं नेमकं तिथेच अडतं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली ऑटिझम असलेल्या मुलांना स्कॅनरमध्ये रहदारीचा गोंगाट ऐकवला, अंगाला खरखरीत लोकर लावली. ज्यांना हे मुळातच सोसत नाही, त्यांच्या मेंदूतला भीतीशी निगडित भाग तोच त्रास पुन्हापुन्हा देऊनही शांत होत नव्हता. भाच्याला ऑटिझम नाही, त्यामुळे हा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावणार नाही. पण 'चार दिवसांत सवय' कशाच्या जोरावर म्हणता? अशा मुलांना रोजचे व्यवहार जमावेत म्हणून मदत करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्टही आवाजाची ओळख करून देतात. मात्र हळू आवाजापासून, आणि मूल 'पुरे' म्हणालं की थांबतात.

आता एमआरआय. साध्या एमआरआयमध्ये गाठ, रक्तस्राव, रचनेतला ढोबळ दोष दिसतो. मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंची बारीक घडण त्यात कळत नाही. ती बघायला पाण्याचे रेणू त्या तंतूंच्या दिशेने कसे सरकतात हे मोजणारी डीटीआय नावाची वेगळी पद्धत लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१३ साली तेच केलं. ८ ते ११ वर्षांचे, सेन्सरी अडचणी असलेले १६ मुलगे आणि तशा अडचणी नसलेले २४. पहिल्या गटात मेंदूच्या मागच्या बाजूच्या तंतूंमध्ये फरक सापडला. ऐकणं, बघणं, स्पर्श यांचे निरोप नेणारे मार्ग तिथले. आणि ज्याला त्रास जास्त, त्याच्यात फरकही जास्त, असा संबंध दिसला. अभ्यास छोटा आहे, सगळे मुलगेच होते, आणि असा स्कॅन काढून एकेका मुलाचं निदान होत नाही. पण 'मेंदूत काही नसतं' हे वाक्य त्यानंतर कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

फॅडचं म्हणाल तर जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्टने यावर १९६०-७०च्या दशकांतच काम केलं. मेसेज पाठवणारे काका तेव्हा शाळेत होते.

यादीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या यादीत हा स्वतंत्र आजार नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१२ साली हे निदान म्हणून वापरू नका, यावरच्या थेरपीचे पुरावे तोकडे आहेत, असंच सांगितलं. पण त्याच डीएसएम-५ ने आवाज-स्पर्श न सोसणं ऑटिझमच्या लक्षणांत धरलंय, म्हणजे त्रास काल्पनिक नाही. तेव्हा थेरपीचं पॅकेज विकणाऱ्याला जरूर विचारा: तीन महिन्यांत मुलाच्या रोजच्या वागण्यात नेमकं काय बदलायला हवं, आणि नाही बदललं तर थांबायचं कधी? सरळ उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका.