पुणे-सातारा अंतरातला युरोप

लेकीच्या कॉलेजातून एक फॉर्म आला. तिसऱ्या वर्षातलं एक सत्र परदेशी विद्यापीठात शिकता येईल, फी इथलीच भरायची, राहण्याखाण्याचं आपलं आपण बघायचं. पर्याय तीन. जर्मनीतलं आखेन, नेदरलँड्समधलं आइंडहोवन आणि बेल्जियममधलं ल्यूवेन. पसंतीचा क्रम लिहा आणि पालकांची सही घेऊन आणा.

नकाशा उघडून बघितला तर ही तिन्ही गावं एकमेकांपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. म्हणजे पुण्यातून निघायचं आणि साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला उतरायचं, एवढंच. मध्ये सहसा पासपोर्टही कुणी विचारत नाही. बरं, इंजिनियरिंगसाठी तिन्ही गावं तालेवार. आखेनचं तंत्रविद्यापीठ 1870चं, आइंडहोवन म्हणजे फिलिप्सचं गाव, आणि ल्यूवेनचं विद्यापीठ मुळात 1425चं. पोरगी कुठेही गेली असती तरी तिचं भलंच होणार होतं. मला वाटलं, चहा होईपर्यंत हा विषय संपेल.

मी सहकारी बँकेत कर्जविभागात आहे. नक्की काय हवंय हे माहीत नसलेली माणसं रोज बघते. पण ती बँकेत बघते, घरी जेवायला वाढत नाही.

सुरुवात नवऱ्याने केली. त्याला कुठलीही गोष्ट एक्सेलमध्ये घातल्याशिवाय दिसत नाही. त्याने तीन देशांचे तीन रकाने केले आणि खाली ओळी वाढवत सुटला. घरभाडं, रेल्वे, हवामान, दुधाचा भाव. जर्मनीच्या रकान्यात त्याला एक ऐवज सापडला. तिथल्या व्हिसासाठी सहसा विद्यार्थ्याच्या नावाने 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडावं लागतं. 2024च्या सप्टेंबरपासून त्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवायचे आणि महिन्याला फक्त 992 काढायचे. पैसे आपले, खातं आपलं, पण महिन्याचा आकडा सरकारने ठरवलेला. ही योजना मला मनापासून आवडली. नवऱ्याच्या पुस्तकखरेदीसाठी असं खातं मी लग्नापासून शोधते आहे.

"म्हणजे जर्मनी?" लेकीने विचारलं.

"अजून हवामानाला गुण द्यायचे आहेत," तो म्हणाला आणि परत आत गेला.

सासूबाईंना एक्सेलमध्ये रस नव्हता. त्यांनी पंचांग काढलं. 2026ची गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरची. आइंडहोवनचं कॉलेज सप्टेंबरच्या सुरुवातीलाच भरतं, म्हणजे गणपती बुडाले. ल्यूवेनचं सप्टेंबरच्या शेवटाकडे, म्हणजे निदान आरत्या होतील, मग बॅग भरावी. आखेनचे वर्ग ऑक्टोबरात, म्हणजे गणपती, गौरी, विसर्जन सगळं आटपून पोरगी निवांत निघेल. दिवाळी तिन्हीकडे बुडणारच होती, त्यामुळे दिवाळीला त्यांनी निकालातून वगळलं. देश निवडायची ही पद्धत बाहेरून विचित्र वाटेल, पण आमच्या घरात त्या क्षणापर्यंत कुठल्याही मुद्द्यावर निकाल लागला होता तो फक्त ह्याच.

"शिवाय तो दुसरा देश समुद्राच्या खाली आहे म्हणे," त्या म्हणाल्या.

"आजी, सगळा नाही. साधारण सव्वीस टक्के. आणि आइंडहोवन वर आहे, कोरडं."

"वर म्हणजे किती?"

लेकीने शोधलं. त्या देशाच्या युरोपातल्या भागातली सर्वांत उंच जागा, फाल्स गावाजवळची टेकडी, भरते जेमतेम 322 मीटर. आपलं पुणं साडेपाचशेच्या वर. आमच्या सोसायटीचं पार्किंग, जिथे दर पावसाळ्यात स्कूटर पोहतात, तेसुद्धा त्यांच्या सर्वोच्च शिखरापेक्षा उंच आहे हे कळल्यावर सासूबाईंनी नेदरलँड्सवर काट मारली. माणसाने शिकायला वर जावं, खाली नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

जेवणाचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र त्यांनाच नेदरलँड्सचा पुळका आला. कारण हेग शहरात रोटी मिळते. अगदी 'रोटी' अशी पाटी लावून. 1873 मध्ये कलकत्त्याहून 'लल्ला रूख' नावाचं जहाज मजूर घेऊन सुरीनामला गेलं, ती दक्षिण अमेरिकेतली डचांची, म्हणजे नेदरलँड्सची, वसाहत. त्यांची नातवंडं-पतवंडं 1975 मध्ये सुरीनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास मोठ्या संख्येने हॉलंडात आली, आणि रोटी सोबत घेऊन आली. ही कहाणी सासूबाईंनी डोळे पुसत ऐकली. हेग आइंडहोवनपासून रेल्वेने दीड तासावर आहे, हे सांगायला कुणी धजलं नाही.

मग बेळगावहून माझ्या भावाचा फोन आला. मामा म्हणून त्याला अधिकार आहेच, आणि बेळगावकर म्हणून बेल्जियमवर तो विशेष अधिकार सांगतो. त्याने एका रात्रीत सगळं वाचून काढलं होतं.

"ताई, ऐक. ह्यांचा अर्धा देश डच बोलतो, अर्धा फ्रेंच. ल्यूवेन डच भागात आणि विद्यापीठात दोन्ही भाषा. डचवाले म्हणाले, फ्रेंचवाल्यांनी आपल्या मुलखात जावं. आंदोलनं झाली, 1968 मध्ये सरकार पडलं! मग विद्यापीठाची वाटणी. फ्रेंच भागाने पंचवीस-तीस किलोमीटरवर नवंकोरं गावच वसवलं, लूव्हें-ला-नव्ह. आणि ग्रंथालय कसं वाटलं माहितीये? सम क्रमांकाची पुस्तकं एकीकडे, विषम दुसरीकडे!"

हे मात्र मला तत्काळ समजलं. आमच्या माहेरी दोन काकांच्या वाटणीत बारा पितळी डबे असेच गेले होते, झाकणं एकाकडे आणि डबे दुसऱ्याकडे.

"तिकडे बारले म्हणून एक गाव आहे," भाऊ थांबायला तयार नव्हता. "बेल्जियम आणि हॉलंडची सीमा घराघरांतून जाते. ज्या देशात पुढचं दार, त्या देशातलं घर. असं आपल्याकडे केलं असतं ना, तर आमच्या गल्लीत सगळ्यांनी एका रात्रीत दारं फिरवली असती."

"अरे, पण पोरीने जावं कुठे?"

"कुठे म्हणजे? ल्यूवेन. सीमाभागातल्या माणसाला सीमाभागच कळतो."

पोरगी जन्मली पुण्यात, वाढली पुण्यात, बेळगावला जाते ती कुंद्यापुरती. पण तिचा मामा सीमाभागातला असल्याने तो गुण तिच्यात उतरला आहे, अशी त्याची खात्री.

जर्मनीच्या बाजूने वरच्या मजल्यावरचे साहेब उभे राहिले. एका कारखान्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले आहेत आणि 1980च्या दशकात कधीतरी तीन महिने स्टुटगार्टला राहून आलेत. तेव्हापासून त्यांचं घड्याळ जर्मन आहे. पाणी सोडायला रखवालदाराला पाच मिनिटं उशीर झाला की ते जिन्यात उभे राहून स्टुटगार्टची आठवण काढतात. त्यांनी आम्हाला सांगितलं की तिथे रविवारी दुकानं बंद असतात आणि ही राष्ट्राच्या चारित्र्याची खूण आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुण्याच्या चारित्र्याबद्दल मग काय म्हणायचं, हे मी विचारलं नाही.

लेकीने मात्र मोबाइल पुढे केला. "काका, 2024 मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्या साडेबासष्ट टक्केच वेळेवर आल्या. आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरत नाहीत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आकडा परत वाचला. नंतर दोन दिवस रखवालदार सुखात होता.

पण साहेब हार मानणारे नव्हेत. त्यांनी ल्यूवेनविरुद्ध काही सापडतंय का ते शोधायला घेतलं. त्यांना काही मिळेना, मामाला मात्र जर्मनीविरुद्ध मिळालं. 1914 मध्ये जर्मन सैन्याने ल्यूवेनचं ग्रंथालय जाळलं होतं, 1940 मध्ये जर्मन हल्ल्यात ते पुन्हा जळालं. फोन स्पीकरवर होता. एकीकडून बेळगाव, दुसरीकडून वरचा मजला, आणि मध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर पहिलं महायुद्ध. वरणभात गार झाला.

आता गुणांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथे मीसुद्धा हात टेकले. जर्मनीत सर्वोत्तम गुण 1, चार मिळाले तर जेमतेम पास, पाच म्हणजे नापास. नेदरलँड्समध्ये दहापैकी गुण, सहाला पास, आठ मिळाले तर पेढे वाटावेत, दहा सहसा कुणाला देतच नाहीत. बेल्जियममध्ये वीसपैकी आणि दहाला पास. म्हणजे एकाच पोरीने एकच पेपर सारखाच लिहिला तरी शंभर किलोमीटरवर तिचा निकाल बदलणार. 'एक' मिळाला तर आखेनमध्ये पहिली, आइंडहोवनमध्ये मुलखाची ढ. दहा मिळाले तर आइंडहोवनमध्ये वर्तमानपत्रात फोटो, ल्यूवेनमध्ये कशीबशी सुटका. नवऱ्याने ह्याचं सूत्र एक्सेलमध्ये घालायचा प्रयत्न केला तेव्हा संगणकाने वर्तुळ फिरवायला घेतलं. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं की नातेवाइकांना फोनवर सांगायला कुठला आकडा बरा दिसेल. प्रश्न रास्त होता. वीसपैकी चौदा हे तर कुणालाच सांगता येणार नाही.

खोलीचा प्रश्न वेगळाच. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांना खोल्या मिळत नाहीत, इतक्या मिळत नाहीत की काही विद्यापीठांनी स्वतःच सांगितलं, खोलीची सोय झाली नसेल तर येऊ नका. आखेनमध्ये मात्र नवऱ्याला एक चलाखी सापडली. तेच फाल्स गाव, हॉलंडच्या शिखराच्या पायथ्याचं, आखेनला खेटून आहे. आखेनमधली पुष्कळ मुलं तिथे राहतात आणि बसने देश ओलांडून वर्गाला येतात. "शिक्षण जर्मन, खोली डच! बघ, कसं जमवलं!" पर्वतीवर झेंडा लावल्याच्या आवेशात तो बाहेर आला. लेकीने शांतपणे सांगितलं, हे युरोपातल्या मुलांना चालतं. भारतीय पासपोर्टवर जर्मनीचा व्हिसा घेऊन हॉलंडात घर करता येत नाही, फार तर फिरून येता येतं. तो आत गेला आणि त्या रात्री फाल्सचा रकाना त्याने पिवळ्या रंगाने झाकून टाकला. पुसला नाही. मेहनत होती.

शाकाहाराच्या बाबतीत बेल्जियम सगळ्यांना सुरक्षित वाटत होतं. अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यापारामुळे स्थायिक झालेले पालनपुरी जैन आहेत, तिथे त्यांचं देखणं मंदिर आहे, आणि देश तर बटाट्याच्या तळलेल्या कापांसाठी प्रसिद्ध. सासूबाई म्हणाल्या, उपासालाही चालतील. आणि लेकीने, का कोण जाणे, खरं सांगून टाकलं. हे काप तिथे परंपरेने गाईच्या चरबीत तळतात.

घरात जी शांतता पसरली तिच्यात फ्रीजचा आवाज ऐकू आला. मी लेकीकडे असं बघितलं की तिने पुढचं वाक्य, "काही ठिकाणी तेलातही तळतात," आजीच्या कानाशी जाऊन तीनदा म्हटलं.

एक गोष्ट नवऱ्याने आणि मी मिळून सासूबाईंपासून लपवली होती. ल्यूवेनमध्ये जुन्या बाजाराचा एक चौक आहे, चारी बाजूंनी नुसत्या बिअरच्या दुकानांनी वेढलेला. त्याला लोक 'जगातला सर्वांत लांब बार' म्हणतात. एक जगप्रसिद्ध बिअरही त्याच गावची. नवऱ्याने ती ओळ एक्सेलमध्ये 'सांस्कृतिक जीवन' ह्या नावाखाली घातली होती आणि गुण भरघोस दिले होते.

शेवटी फॉर्म घेऊन लेक विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी तिन्ही देशांपैकी एकाचंही नाव घेतलं नाही. त्यांनी आपला अभ्यासक्रम काढला. पाचव्या सत्रातले सक्तीचे विषय तिकडे शिकून यायचे, तीस क्रेडिट जमवायचे, आणि विषयाला विषय जुळला नाही तर परत येऊन पेपर द्यायचा. आखेनचं हिवाळी सत्र परीक्षांसकट फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबतं, इथलं सहावं सत्र जानेवारीत सुरू होतं, हजेरी पंचाहत्तर टक्के, तेव्हा आखेन बाद. आइंडहोवनच्या यादीत 'हीट ट्रान्सफर' होता, पण तो दुसऱ्या एका सक्तीच्या विषयाच्या वेळेवर आदळत होता, तेव्हा आइंडहोवन मागे. ल्यूवेनच्या परीक्षा जानेवारीत उरकतात आणि विषयही बसत होते. सरांनी पहिल्या क्रमांकावर ल्यूवेन लिहायला सांगितलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. गणपती, समुद्रसपाटी, लल्ला रूख, महायुद्ध आणि बटाटे, ह्यांतलं काहीच त्यांना विचारावंसं वाटलं नाही.

घरी बातमी आली. मामाने बेळगावहून कुंदा पाठवतो म्हणून सांगितलं आणि सीमाभागाचा विजय जाहीर केला. नवऱ्याने एक्सेल उघडून ल्यूवेनची बेरीज पहिली यावी म्हणून हवामानाचे गुण थोडे सारखे केले आणि "मी म्हणतच होतो" म्हणाला. लेक व्हिसाच्या कागदांची यादी करत बसली. एवढ्या सगळ्यात तुला कुठे जायचं होतं, असं तिला पहिल्यांदाच मी विचारलं, तर म्हणाली, "आई, मला फक्त जायचं होतं."

सगळं शांत झालं असं वाटत होतं. पण वरच्या साहेबांना जर्मनीची हार लागली होती, आणि सासूबाई संध्याकाळी देवळातून येताना त्यांना लिफ्टमध्ये भेटल्या. दोघं दुसऱ्या मजल्यापासून चौथ्यापर्यंतच सोबत होते, पण तेवढ्यात त्यांनी काम केलं. सासूबाई आत आल्या, चप्पल काढली, देवापुढे दिवा लावला आणि नातीला हाक मारली.

"अगं, तो जगातला सर्वांत लांब बार आहे ना, त्याच्या कुठल्या टोकाला तुझी खोली?"