मुंबईत वाजलेले, लंडनमध्ये जपलेले

बीटल्स या इंग्लिश बँडमधले गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांच्या १९६८ ते १९७५ या काळातील सहा स्वतंत्र अल्बमांचा संच २०१४ साली ‘द ॲपल इयर्स’ या नावाने पुन्हा बाजारात आला. त्यांतले चार बँड फुटल्यानंतरचे, दोन त्याआधीचे. चर्चा होते ती बहुधा १९७० च्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या तीन रेकॉर्डींच्या अल्बमाची. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला मात्र संचातला पहिला अल्बम अधिक जवळचा वाटतो. ‘वंडरवॉल म्युझिक’ हे चित्रपटसंगीत, आणि त्याचा बराच भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला.

मुंबईत तेव्हा फक्त मोनो यंत्र होते, म्हणून एचएमव्ही चालवणाऱ्या ग्रामोफोन कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र रेल्वेने आणले, असे हॅरिसन सांगत. खाली कंपनीची कार्यालये, वर स्टुडिओ, आणि बाहेरचा आवाज अडवण्याची काहीही सोय नाही. साडेपाचला कचेरी सुटली की जिना उतरणाऱ्या पावलांच्या आवाजामुळे काम थांबवावे लागे, आणि काही तुकड्यांत रस्त्यावरच्या टॅक्सीही ऐकू येतात, हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे.

असा गोंगाट पुसून टाकणे आज घरच्या संगणकावरही जमते. तो पुसावा का, यावरच आपल्याकडचा वाद घुटमळतो. जुनी भावगीते आणि नाट्यपदे पुन्हा काढताना खरखर घालवून ठेका भरदार करावा, नाहीतर नवी पिढी ती ऐकणार नाही, असे एक पक्ष म्हणतो. मूळ मुद्रणाला हात लावणे म्हणजे विटंबना, असे दुसरा. कॅसेटच्या काळात ‘झंकार बीट्स’च्या नावाखाली जुन्या हिंदी गाण्यांवर जो ठोकळेबाज ताल चढवला गेला, तो ज्यांनी ऐकला आहे त्यांची धास्ती मला पूर्ण पटते.

तरीही इथे राहून माझे मत वेगळ्या दिशेने गेले आहे. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’मधला घुमारा फार झाला, असे खुद्द हॅरिसन यांनाच पुढे वाटू लागले होते आणि २००१ च्या आवृत्तीच्या वेळी त्यांनी ते लिहूनही ठेवले. २०२१ मध्ये त्यांचा मुलगा धनी याच्या देखरेखीखाली पॉल हिक्स यांनी संपूर्ण अल्बमाचे नव्याने मिश्रण केले, म्हणजे गायन आणि वाद्ये यांचे वेगवेगळे ट्रॅक पुन्हा जुळवले. आवाज पुढे आला, वाद्यांची दाटी सुटली. मला जुनेच मिश्रण आवडते, कारण त्या दाटीतच त्या गाण्यांची भव्यता आहे. पण माझी तक्रार नाही, कारण हे नवे मिश्रण आहे आणि ते कोणी केले, हे स्पष्ट छापले आहे, आणि जुनेही ऐकायला मिळते.

मला खरी असूया वाटते ती नावांची. ‘वंडरवॉल’च्या श्रेयनामावलीत संतूरवर शिवकुमार शर्मा आहेत, बासरीवर एस. आर. केंकरे आहेत, तारशहनाई या गजाने वाजवायच्या तंतुवाद्यावर विनायक व्होरा आहेत. २०१४ च्या आवृत्तीत त्याच मुंबईच्या बैठकीतले ‘द इनर लाइट’ या हॅरिसन यांच्या बीटल्ससाठीच्या गाण्याचे एक वेगळे वाद्यमुद्रणही दिले आहे, त्याच्या सुरुवातीला हॅरिसन वादकांना सूचना देताना ऐकू येतात. आपल्या किती भावगीतांच्या नव्या आवृत्त्यांवर तबला कोणाचा, व्हायोलिन कोणाचे, हे सापडते? गायक, कवी, संगीतकार, आणि पुढे कोरे.

ब्रिटनमध्ये २०१३ पासून ध्वनिमुद्रणाचा हक्क (कॉपीराइट) पन्नासऐवजी सत्तर वर्षे झाला. त्यातून मोठा लाभ कंपन्यांचाच झाला, यात मला शंका नाही. पण त्याच कायद्याने एकरकमी मानधनावर वाजवलेल्या साथीदारांसाठी, पन्नास वर्षांनंतरच्या ठरावीक उत्पन्नातला २० टक्के हिस्सा बाजूला काढणे कंपनीवर बंधनकारक केले. आणि कंपनी मुद्रण पुरेशा प्रमाणात उपलब्ध करून देत नसेल, तर कलाकाराला करार मोडण्याची मुभा दिली. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनात न्याय्य वाटा मिळाला, तो फार मोलाचा आहे. साथीदारांचा विषय मात्र आपल्या वादात क्वचितच निघतो.

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांचा आहे. म्हणजे १९५० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका आज मोकळ्या झाल्या आहेत. शब्द आणि चाल यांचे हक्क तेवढे वेगळे तपासावे लागतील. मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेतल्या संग्राहकांनी जमवलेली माहिती आणि हयात असलेल्या वादकांच्या आठवणी एकत्र करून साथीदारांची नावे आत्ताच नोंदवता येतील. खरखर काढायची की ठेवायची, हे त्यानंतरही ठरवता येईल. ते वादक मात्र तोपर्यंत असतीलच असे नाही.