मराठी सिरीयल असती तर पिसं काढली असती! (एका कमेंटला उत्तर)

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली, उत्तर लिहायला घेतलं तर ते खाली मावेना म्हणून वेगळी पोस्टच टाकतेय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: दादांचं म्हणणं असं की 'डार्क शॅडोज' ह्या जुन्या अमेरिकन भुताखेताच्या सिरीयलचे १२२५ एपिसोड, त्यातले हिने बघितले साडेतीनशे आणि लगेच पोस्ट पाडली. माईक फ्रेममध्ये येतो, नट वाक्यं विसरतात, त्याला ही गोड म्हणते, हेच 'रात्रीस खेळ चाले'मध्ये झालं असतं तर पिसं काढली असती. आणि पहिले २०९ एपिसोड कोणी बघत नाही, ते हिने कशाला बघितले?

पिसांचं खरंय. काढलीच होती. २०१६ ला आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज तेच चालायचं, आणि बघायचं पण कोणी सोडत नव्हतं.

पण दादा, हे बनायचं कसं ते बघा ना. १९६६ ते १९७१, सोमवार ते शुक्रवार रोज अर्धा तास, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जवळजवळ लाइव्ह नाटकासारखं सलग टेप करायचे, कारण तेव्हाची व्हिडिओटेप कापून जोडायची म्हणजे खर्च आणि डोकेदुखी, त्यामुळे वाक्य चुकलं तरी रेटून पुढे जायचं आणि ते तसंच घराघरात दिसायचं. आज एडिटिंग टेबल हाताशी असून एकाच चेहऱ्यावर धाड धाड धाड तीन झूम मारतात, त्याला मी हसते. ह्याला तसं हसवत नाही मला.

आणि जोनाथन फ्रिड. हा बार्नाबस कॉलिन्स, व्हॅम्पायर. फ्रिड मुळात स्टेजचा माणूस, पाठांतराच्या नावाने बोंब, म्हणजे बोलता बोलता त्याची नजर समोरच्या बाईवरून हळूच सरकते ती थेट टेलिप्रॉम्प्टरवर, मग एक पॉज, मग वाक्य. पहिल्यांदा मी फस्सकन हसले. दहा-बारा एपिसोडनंतर वाटायला लागलं की जवळजवळ पावणेदोनशे वर्षं साखळदंड घातलेल्या शवपेटीत पडलेला माणूस असाच बोलणार ना, शब्द चाचपडत, समोरच्याकडे बघावं की नको अशा नजरेने? आता ह्याला अभिनय म्हणा नाहीतर विसरभोळेपणा, मला भीती वाटते त्याची आणि कीवही येते.

आता ते २०९ एपिसोड. मीही आधी सगळ्यांसारखी २१० लाच सुरुवात केली होती. दागिन्यांच्या लोभाने विली नावाचा भामटा बार्नाबसची शवपेटी उघडतो, आतून एक हात येतो आणि त्याचा गळा धरतो, संपला एपिसोड. मग कुतूहल म्हणून मागे पहिल्यावर गेले. ब्लॅक अँड व्हाइट (रंग येतो २९५ पासून), मेन राज्यातलं समुद्राकाठचं गाव, ट्रेनने येणारी अनाथ गव्हर्नेस व्हिक्टोरिया, आणि अठरा वर्षं वाड्याबाहेर पाऊल न टाकलेली मालकीणबाई. रटाळ आहे, मान्य. एका फाउंटन पेनवरून इतके एपिसोड खाल्लेत की त्या पेनमधली शाई वाळली असेल. पण सत्तराव्या एपिसोडला जोसेट, म्हणजे त्या घराण्यातल्या बाईचं भूत, तिच्या चित्रातून खाली उतरते आणि पडक्या घराच्या खांबांमधून फिरते ना, तेवढ्यासाठी मी ते पेन माफ केलं. आणि हे सगळं बसून बघितल्यावर परत २१० लावला तर तो हात वेगळाच लागतो, कारण घर आता ओळखीचं झालेलं असतं.

'टीआरपीसाठी घुसवलेला व्हॅम्पायर' हे तुमचं बरोबर. शो डबघाईला आला होता म्हणून निर्मात्या डॅन कर्टिसने त्याला आणला, तोही थोड्या दिवसांपुरता. मग पब्लिकने जाऊच दिला नाही. आपल्याकडे अण्णा नाईक पहिल्या सीझनला सुरुवातीलाच गेले आणि २०१९ ला मागच्या काळात नेऊन त्यांनाच हिरो करावं लागलं, त्यातलाच प्रकार. ती सिरीयल तेव्हा मी नीट बघायला हवी होती, हे मात्र तुमच्यामुळे कळलं.

काल रात्री ३६५ झाला. अंधारात सगळे आत्मा बोलवायला टेबलाभोवती बसलेत, दिवे लागतात तर व्हिक्टोरियाची खुर्ची भलत्याच बाईने अडवलेली. पुढचा लावणार तेवढ्यात तुमची कमेंट दिसली, आणि तिच्या शेवटच्या ओळीत अँजेलिकचं काय काय होतं ते तुम्ही लिहून टाकलंय. मी 'अँजेलिक' एवढंच वाचून मोबाईल उलटा ठेवला. दादा, प्लीज, तेवढी ओळ उडवा.