गाण्याच्या फाइलमधून व्हायरस येतो का? इतवारीतल्या भाऊंच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

डाउनलोड केलेल्या गाण्या-सिनेमांतूनही संगणकाला व्हायरस लागू शकतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: ‘एमपी३, एमपी४ हा निव्वळ डेटा आहे, व्हायरस प्रोग्रामच्या फाइलमधून, म्हणजे ईएक्सईमधून येतो. इतवारीत इतकी वर्षं लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो, गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवरची गाणी रोज कॉपी करतो, कधी काही झालं नाही. तुमचा लेख वाचून लोक पेनड्राइव्ह द्यायला कचरतात. उगाच घाबरवू नका. आणि इतकीच भीती असेल, तर फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट करून घेतली की झालं.’

एमपी४ स्वतःहून काही करत नाही, हे खरंच आहे. पण तिला वाचणारा प्लेअर हा प्रोग्राम असतो आणि प्रोग्राममध्ये चुका असतात. एमपी४ फाइल बॉक्सांची बनलेली असते. प्रत्येक बॉक्सच्या सुरुवातीला त्याचा आकार आणि प्रकार चार-चार बाइटमध्ये लिहिलेला असतो. तो आकडा वाचून प्लेअर मेमरी राखून ठेवतो. आता कोणी मुद्दाम इतका मोठा आकडा टाकला की प्लेअरची बेरीजच चार बाइटांत मावेना, तर उत्तर भलतंच लहान येतं. मेमरी थोडी राखली जाते, डेटा भरपूर येतो आणि शेजारच्या मेमरीवर सांडतो. तिथे नेमकं काय पडावं हे फाइल बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असेल, तर प्लेअरचा ताबा त्याच्या हातात जातो.

हे कागदावरचं भय नाही. २०१५ साली सुरक्षा संशोधक जोशुआ ड्रेक यांनी अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट लायब्ररीत, म्हणजे व्हिडिओ वाचणाऱ्या तयार कोडमध्ये, अशाच चुका दाखवून दिल्या. एमएमएसने आलेला व्हिडिओ फोन आपणहून आधीच वाचायचा, त्यामुळे मालकाने तो उघडायचीही गरज नव्हती. अँड्रॉइडची दरमहा येणारी सुरक्षा अपडेट त्यानंतरच सुरू झाली. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी नुसत्या सबटायटलच्या फाइलमधून व्हीएलसी आणि कोडीसारखे प्लेअर ताब्यात घेता येतात हे दाखवलं. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपला एमपी४ वाचण्यातली चूक दुरुस्त करावी लागली. २०२३ मध्ये वेबपी चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत चूक सापडली, तेव्हा क्रोमसकट अनेक ब्राउझर घाईने अपडेट करावे लागले.

मग तुम्हाला आजवर काही का झालं नाही? कारण नवी, कोणाला माहीत नसलेली चूक शोधायला किंवा विकत घ्यायला फार महाग पडते. ती बहुतेक वेळा निवडक माणसांवर वापरली जाते. हळदीच्या गाण्यांच्या पेनड्राइव्हमध्ये कोणी ती वाया घालवत नाही. तुमच्या अनुभवाचा मी मान राखतो. मात्र हा दिलासा अपडेट केलेल्या मशीनपुरताच आहे. जुन्या प्लेअरमधली चूक जगजाहीर झालेली असते, ती वापरायला फारसं कौशल्य लागत नाही. मिक्सिंगच्या कितीतरी मशीन अजून विंडोज ७ वर आहेत, कारण सॉफ्टवेअर आणि कॅप्चर कार्ड त्यावरच चालतं. त्या विंडोजचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. अशा मशीनवर इंटरनेट आणि अनोळखी पेनड्राइव्ह दोन्ही नकोत, एवढं मी ठामपणे सांगेन.

रोजचा धोका वेगळा आहे, आणि त्यात तुमचं ‘ईएक्सईमधून येतो’ हे वाक्य बरंचसं लागू पडतं. अडचण अशी की ती फाइल गाण्याचा वेश घेऊन येते. विंडोज ओळखीची एक्स्टेंशन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारं नावाचं शेवटचं टोक, आपणहून लपवतं. त्यामुळे नावाच्या शेवटी ‘डॉट एमपी३ डॉट ईएक्सई’ असेल तर फक्त ‘एमपी३’ दिसतं. एक्स्टेंशन दाखवायची सेटिंग चालू केली तरी शॉर्टकटचं एक्स्टेंशन दिसत नाही. पेनड्राइव्हमधले फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट उरतात, तो प्रकार तुमच्या दुकानात नवा नसेल. म्हणून फोल्डर डिटेल्स व्ह्यूमध्ये उघडा आणि ‘टाइप’चा रकाना बघा. गाण्यासमोर ‘शॉर्टकट’ किंवा ‘अ‍ॅप्लिकेशन’ लिहिलेलं असेल, तर हात लावू नका. व्हिडिओ सुरू करताच ‘कोडेक (व्हिडिओ उलगडणारा छोटा प्रोग्राम) डाउनलोड करा’ असा संदेश आला, तरी तेच. व्हीएलसीत जवळपास सगळं चालतं. जे चालत नाही त्यासाठी कुठल्या तरी साइटवरून काही उतरवून घेऊ नका.

तुमच्या धंद्याला लागूनच आणखी एक गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप इन्स्टॉल करणारी फाइल पाठवायची आणि ती इन्स्टॉल केली की फोनमधले ओटीपी वाचून खातं रिकामं करायचं, हा प्रकार देशभर झाला आहे. पत्रिका फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओच असते. लग्नघरची माणसं तुमच्याकडे येतात तेव्हा हे त्यांना जरूर सांगा. माझ्या लेखापेक्षा तुमचं ऐकतील. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा.

पेनड्राइव्ह घेणं बंद करा असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. मला काळजी वाटते ती रॉ फुटेजची. खंडणी मागणारा व्हायरस हार्ड डिस्क कुलूपबंद करतो तेव्हा गाणी परत मिळतात, पण कोणाचे सात फेरे पुन्हा शूट करता येत नाहीत. त्या फुटेजची एक प्रत अशा डिस्कवर असू द्या, जी कॉपी झाली की मशीनपासून काढून ठेवलेली असते. कायम जोडलेली बॅकअप डिस्कसुद्धा सोबतच जाते.

कन्व्हर्ट करण्याबद्दल: नव्याने बनलेली फाइल बहुतेक वेळा स्वच्छ असते, कारण मूळ बिघडवलेली रचना तिच्यात उतरत नाही. पण कन्व्हर्टरलाही आधी मूळ फाइल वाचावीच लागते, आणि कन्व्हर्टरमध्ये चूक असलीच तर तिचा फायदा तिथेच घेतला जातो. तेव्हा हे काम मिक्सिंगच्या मशीनवर करू नका. बाजूला एखादा साधा, अपडेट केलेला पीसी ठेवा, त्यावर अ‍ॅडमिन नसलेल्या खात्यातून कन्व्हर्ट करा आणि तयार फाइल तेवढी इकडे आणा.