चार आकडे टाकले, की झालं?

डेटा सफिशियन्सीसाठी, म्हणजे दिलेली विधानं उत्तर ठरवायला पुरेशी आहेत का, एवढंच विचारणाऱ्या परीक्षेतल्या प्रश्नांसाठी, एक गुरुमंत्र सध्या जोरात फिरतोय. विभाज्यतेचा प्रश्न आला, की चार आकडे टाकून पाहा. चारही वेळा ‘हो’ आलं तर विधान पुरेसं, ‘नाही’ आलं तर बाद. आणि दोन्ही विधानं एकत्र घ्यायची वेळ आली, तर भाजकांचा सरळ गुणाकार करा.

आधी चार आकड्यांचं बघू, कारण मुलं सगळ्यात जास्त तिथेच फसतात. समजा, क ही १ पेक्षा मोठी पूर्णांक संख्या आहे. ती मूळ संख्या आहे का? विधान: २ च्या क-व्या घातातून २ वजा केले, तर उरलेल्या संख्येला क ने निःशेष भाग जातो. ३ घ्या: ६ ला ३ ने भाग जातो. ५ घ्या: ३० ला ५ ने. ७ घ्या: १२६ ला ७ ने. ४, ६, ९ विधानात बसतच नाहीत. चार सोडा, ३४० पर्यंतचे सगळे आकडे तपासलेत तरी उत्तर ‘हो’च येतं. पुढचाच आकडा ३४१, म्हणजे ११ × ३१. आता १०२४ म्हणजे ३ × ३४१ + १. म्हणून २ च्या १० व्या घाताला ३४१ ने भागलं तर बाकी १, ३४० व्या घातालाही १, आणि ३४१ व्याला २. त्यातून २ गेले, की भाग निःशेष! विधान अपुरं. परीक्षेत इतका खोडसाळ प्रश्न कोणी घालणार नाही, हे मान्य. पण तीन-चार वेळा जुळलं म्हणजे नेहमीच जुळेल, हे कुणी सांगितलं?

आकडे टाकणं वाईट नाही. एक ‘हो’ आणि एक ‘नाही’ सापडला, की विधान तिथेच मोडलं. पुरेसं ठरवायला मात्र मूळ अवयवच लागतात. क च्या वर्गाला ७२ ने भाग जातो, तर क ला १२ ने जातो का? ७२ मध्ये तीन २ आणि दोन ३ आहेत. वर्गात प्रत्येक अवयव सम वेळा येतो, म्हणून त्यात किमान चार २ हवेत. म्हणजे क मध्ये दोन २ आणि एक ३ आलाच. पुरेसं, एकही आकडा न टाकता.

‘नाही’ आलं म्हणून बाद? क ला ९ ने भागल्यावर बाकी ४ उरते. क ला ६ ने भाग जातो का? ३ नेच जात नाही, तर ६ ने कुठला! उत्तर ठाम ‘नाही’ आहे, म्हणजे विधान पुरेसं.

राहिला गुणाकार. ४ ने जातो, ६ ने जातो, म्हणून २४ ने जाणारच? १२ घेऊन बघा. इथे लसावि लागतो. ३ आणि ८ असते तर गुणाकार चालला असता, कारण त्यांच्यात सामाईक अवयव नाही.