‘छत्री देऊन कटवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. सोबत टाकलेले फोटोही मोठे करून नीट पाहिले.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही 120 सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा आठकोनी कापडी डबा) घ्यायला आलात आणि आम्ही फ्लॅशवर लावायची 105 सेंटिमीटरची पांढरी छत्री गळ्यात मारली. त्या छत्रीनं गिऱ्हाइकाच्या घरी काढलेल्या फोटोंत चेहरा हिरवट आला, चष्म्यात काड्या दिसल्या. रंकाळा तलावावर वाऱ्यानं स्टँड पडून एक काडी वाकली, ती छत्री आम्ही बदलून दिली नाही. मित्राच्या ऑक्टाबॉक्ससमोर उजेड कितीतरी मऊ येतो. आणि शेवटचं वाक्य, ‘छत्री म्हणजे नवशिक्यांचं खेळणं, दुकानानं जुना माल कटवला.’ त्या दिवशी काउंटरवर मीच होते, म्हणून उत्तरही मीच देते. पहिला लाइट मॉडिफायर, म्हणजे फ्लॅशचा उजेड बदलणारं छत्री-ऑक्टाबॉक्ससारखं साधन, घेऊ पाहणारे आणखीही लोक हे वाचतील, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

कटवण्याचं आधी. तुम्ही मागितलेला ऑक्टाबॉक्स समोरच्या रॅकवर होता. तो दिला असता तर दुकानाला छत्रीच्या कितीतरी पट पैसे सुटले असते. तो न देण्याचं कारण तुम्ही स्वतः सांगितलेल्या माहितीत होतं. तुमच्याकडे एक स्पीडलाइट (सेलवर चालणारा छोटा फ्लॅश), एक हलका स्टँड, आणि सगळं सामान स्कूटरवर. काम लोकांच्या घरी जाऊन: लग्नाच्या बायोडाटाचे फोटो, डोहाळजेवण, बारसं. म्हणजे दहा बाय बाराची खोली, त्यात सोफा, शोकेस, टीव्ही, वर फिरणारा पंखा आणि मधे उभं राहायला जेमतेम जागा. पहिला मॉडिफायर ठरवताना मी खोली आणि फ्लॅश हे दोनच प्रश्न विचारते. इन्स्टाग्रामवर आवडलेला फोटो कुणाच्या केवढ्या स्टुडिओत, कुठल्या लाइटवर निघाला हे आपल्याला माहीत नसतं. आपली खोली मात्र माहीत असते.

आता तुमचे फोटो. बायोडाटाच्या फोटोत मुलीच्या डोळ्यांकडे बघा. बुबुळावर छत्रीचं प्रतिबिंब, ज्याला आपण कॅचलाइट म्हणतो, ते मोहरीएवढं आलंय. मित्राच्या ऑक्टाबॉक्सच्या फोटोत तेच प्रतिबिंब बुबुळाचा चांगला मोठा भाग व्यापतं. एवढ्यावरून छत्री कुठे उभी होती ते कळतं. ती चेहऱ्यापासून अडीच-तीन मीटर लांब, खोलीच्या पार कोपऱ्यात होती. नाकाची सावली गालावर कडक कडेची पडलीये, तीही तेच सांगते.

उजेड मऊ की कडक, हे मॉडिफायरच्या किमतीवर ठरत नाही. चेहऱ्याच्या जागेवरून तो केवढा दिसतो, त्यावर ठरतं. 105 ची छत्री एक मीटरवर ठेवली तर चेहऱ्याला ती अवाढव्य असते. तीच तीन मीटरवर नेली की रुंदी-उंची एक तृतीयांश दिसते, म्हणजे क्षेत्रफळ नवव्या हिश्श्यावर येतं. उजेडही नवव्या हिश्श्यावर, तीन स्टॉपहून थोडा जास्तच कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). मग फ्लॅश पूर्ण ताकदीवर चालवावा लागतो, सेल तापतात, पुढच्या फोटोसाठी थांबावं लागतं. मित्राचा 120 चा ऑक्टा तीन मीटरवर नेऊन बघा, तोही असाच कडक होईल.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी छत्री जवळ आणा. पांढऱ्या कापडातून उजेड आरपार मारायचा, फुगीर बाजू चेहऱ्याकडे. दांडा मागे फ्लॅशकडे राहतो, त्यामुळे कापड अगदी जवळ नेता येतं. खांद्यापर्यंतच्या फोटोत फ्रेमच्या कडेला छत्री दिसायला लागली की चार बोटं मागे घ्या. तीच तिची जागा. डोळ्यांपेक्षा थोडी वर, थोडी बाजूला. फ्लॅशचं झूम 24 ते 35 मिलिमीटरच्या आसपास ठेवा, म्हणजे अख्खं कापड उजळेल. तुमच्या फोटोत कॅचलाइटचा मधलाच ठिपका चमकतोय, कडा अंधारात आहेत. झूम 105 किंवा 200 मिलिमीटरवर राहिलं की असं होतं. अशा वेळी हातात 105 ची छत्री असून उपयोग जेमतेम अर्ध्या छत्रीचा होतो.

इतक्या जवळच्या लाइटची एक अडचण आहे, तीही सांगते. एक मीटरवर उजेड झपाट्यानं उतरतो. जोडप्यात जवळचा माणूस उजळ आणि पलीकडचा अंधारा येतो. डोहाळजेवणाला सासू, आई, नणंदा सगळ्या एका फ्रेममध्ये हव्या असतील तर छत्री मागेच न्यावी लागते आणि सावली थोडी कडक चालवून घ्यावी लागते. पण तिथेच छत्रीचा पसरट उजेड कामाला येतो. सहा-सात माणसं एका स्पीडलाइटवर सारखी उजळायची तर याहून सोयीचं आणि हलकं काही मला तरी माहीत नाही.

हिरवट चेहऱ्याची तुमची तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण ती खरी आहे आणि तिचं कारण फोटोतच दिसतंय. मागची भिंत पिस्ता रंगाची आहे. आरपार छत्रीतला बराच उजेड पुढे जातो, पण काही कापडावरून परत मागे फिरतो आणि बाजूलाही सांडतो. तो भिंतीवर जातो, भिंतीचा रंग घेऊन चेहऱ्यावर येतो आणि सावलीच्या बाजूला बसतो. म्हणून तुमच्या फोटोत उजव्या गालाचा रंग ठीक आहे आणि डावा गाल, हनुवटीच्या खालचा भाग हिरवट आहे. व्हाइट बॅलन्सनं, म्हणजे अख्ख्या फोटोचा रंग एकदम सुधारणाऱ्या सेटिंगनं, हे सुटत नाही. डावा गाल दुरुस्त केला की उजवा जांभळट होतो. तुम्ही एडिट केलेल्या दुसऱ्या फोटोत तेच झालंय.

उपाय तुमच्या पिशवीतच आहे. तुम्हाला दिलेली छत्री दोन्ही प्रकारे चालणारी आहे. तिच्यासोबतचं काळं कव्हर बाहेरून चढवा आणि उजेड आरपार न मारता आतून परतवून वापरा. मागे सांडणारा उजेड तिथेच अडतो. याचा तोटा एवढाच की आता दांडा चेहऱ्याकडे येतो, त्यामुळे छत्री आधीइतकी जवळ नेता येत नाही. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: सावलीच्या बाजूला, भिंत आणि चेहरा यांच्या मधे, पांढरी चादर टांगायची किंवा थर्माकोलची शीट उभी करायची. भिंतीचा रंग झाकला जातो आणि सावली स्वच्छ भरून निघते. चादर प्रत्येक घरात मिळते. गडद सावली हवी असेल तर तिथेच काळं कापड लावा. रंगीत भिंतींची घरं आपल्याकडे सगळीकडे आहेत, त्यामुळे घरोघर फोटो काढणाऱ्यानं खोलीत शिरताच पहिली नजर भिंतीवर टाकावी.

ऑक्टाबॉक्सनं हा सांडणारा उजेड कमी झाला असता, यात वाद नाही. त्याच्या बाजू काळ्या असतात आणि वर ग्रीड (उजेड बाजूला सांडू न देणारी चौकटींची जाळी) लावला की उजेड आणखी आवरला जातो. पण तुमच्या मित्राचा लाइट 400 वॅट-सेकंद ताकदीचा स्ट्रोब, म्हणजे मोठा स्टुडिओ फ्लॅश आहे, हे तुम्हीच लिहिलंय. तुमचा स्पीडलाइट साधारण 60 ते 80 वॅट-सेकंदांचा. मोठ्या ऑक्टाबॉक्समध्ये आतला आणि बाहेरचा असे दोन पडदे असतात, ते बराच उजेड खातात. शिवाय स्पीडलाइटचं डोकं समोरच्या दिशेनंच उजेड फेकतं, आतल्या चंदेरी बाजूंवर फार कमी पडतो. मग मध्यभाग भगभगीत आणि कडा फिक्या, म्हणजे 120 चे पैसे मोजून उजेड त्याहून लहान पृष्ठाचा मिळतो. त्यात प्रत्येक घरी काड्या ताणून तो उभा करायचा, आणि पंख्याला लागू नये म्हणून यजमानांना पंखा बंद करायला लावायचा. मे महिन्यात, मेकअप केलेल्या मुलीसमोर.

‘नवशिक्यांचं खेळणं’ हे मात्र मला मान्य नाही. 1956 च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. अंगणात वरून उतरणारा उजेड हवा होता, म्हणून छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं, दिवे त्या कापडावर मारले आणि परतून आलेल्या उजेडात चित्रण केलं. पांढऱ्या कापडानं काय साधतं हे तेव्हापासून आपल्या देशात माहीत आहे. छत्रीत तेच कापड काड्यांवर ताणलेलं असतं.

चष्म्याचं लवकर सांगते. मोठा कुठलाही लाइट काचेत दिसतो. छत्रीच्या काड्या दिसतात, ऑक्टाचा पांढरा अष्टकोन दिसतो. लाइट वर आणि थोडा बाजूला न्या, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा, चष्म्याच्या दांड्या कानांवरून अर्धा सेंटिमीटर उचला. बहुतेक वेळा एवढ्यानं जातं.

रंकाळ्यावर संध्याकाळी वारा असतोच. वाऱ्यात छत्री, सॉफ्टबॉक्स (ऑक्टाबॉक्स हा त्याचाच आठकोनी प्रकार), काहीही स्टँडवर एकटं सोडायचं नाही. पायाला वाळूची पिशवी अडकवा, नाहीतर सोबतच्या माणसाला स्टँड धरायला सांगा. पडून वाकलेला माल बदलून देत नाही, हा नियम बिलावर छापलेला आहे आणि तो सगळ्यांना सारखा आहे. पण काडी वाकली म्हणून छत्री टाकायची गरज नाही. आणून द्या, आमचा मुलगा काडी बदलून देईल, त्याचे पैसे घेणार नाही.

आणि ऑक्टाबॉक्स हवाच असेल तर? स्वतःची एक ठरलेली खोली असेल, बॅकड्रॉप (मागचा पडदा) कायम लावलेला असेल, स्ट्रोब घ्यायचा विचार पक्का असेल, तर जरूर घ्या. अशा गिऱ्हाइकाला मी पहिल्याच खेपेला ग्रीडसकट सॉफ्टबॉक्सच देते. घरच्या खोलीत 90 सेंटिमीटरचा पुरतो. 120 चा घेतलात तर स्टँडही भक्कम घ्यावा लागेल, तुमच्या आत्ताच्या हलक्या स्टँडवर तो डुलेल. ब्यूटी डिशच्या, म्हणजे ताटलीसारख्या मॉडिफायरच्या, नादी सध्या लागू नका. ती कडक बाजूला झुकते आणि चेहऱ्यावरचा मेकअप, घाम, तेल सगळं दाखवते. आतून चंदेरी असलेली छत्रीही त्याच कारणानं बायोडाटाच्या कामाला नको.

सोमवार ते शुक्रवार दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते. तेव्हा या. मागच्या खोलीत तुमचा स्पीडलाइट आधी छत्रीत आणि मग आमच्या डेमोच्या 120 च्या ऑक्टात लावू, दोन्ही एक मीटरवर, चेहरा तोच. फोटो तुमच्याच कॅमेऱ्यात काढा. ते पाहूनही ऑक्टा घ्यावासा वाटला तर काडी बदललेली छत्री मी निम्म्या किमतीत परत घेईन. येताना फ्लॅश, स्टँड आणि ते काळं कव्हर आठवणीनं आणा.