मुलाला 'नीट करून' देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका

आपल्याकडं मुलगा समलिंगी आहे असं घरात कळलं की दोनच वाक्यं ऐकू येतात. "डॉक्टरला दाखवू" आणि "लगीन लावून देऊ, होईल सुरळीत." बीड जिल्ह्यात माझं मेडिकल आहे. या दोन वाक्यांपायी किती लेकरं पिचतात ते काउंटरवरून दिसतं, म्हणून लिहितोय.

मध्यंतरी एक शेतकरी चिठ्ठी घेऊन आले. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, झोपेची गोळी, वर ताकदीचं टॉनिक. पोरगा बाहेर मोटारसायकलला टेकून उभा, मान खाली. कशासाठी म्हणून विचारलं तर बाप दबक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, त्याचं पोरीत मन लागंना. कोर्स केला की नीट व्हतंय म्हणले. सोयाबीन इकून पैसे आणलेत."

मी औषध दिलं नाही. दोघांनाही आत बसवलं आणि जे सांगितलं तेच इथं सांगतो. समलिंगी पुरुषांत पुरुषी हार्मोन कमी असतं, हा निव्वळ गैरसमज आहे. इंजेक्शनानं फार तर इच्छा वाढेल, ती कुणाबद्दल वाटते ते बदलणार नाही. आणि हे बाहेरून घेतलेलं हार्मोन शुक्राणू तयार होणं कमी करतं. म्हणजे नातवाच्या आशेनं सोयाबीन विकायचं आणि सुई टोचून त्याच आशेवर पाणी सोडायचं!

समलिंगी असणं हा आजारच नाही, आणि हे काही आजच ठरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच ते आजारांच्या यादीतून काढलं. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये गुन्हाही राहू दिला नाही. मद्रास हायकोर्टानं २०२१ मध्ये असे 'उपचार' करण्याला मनाई केली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ते डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. "पण बदललेली माणसं आहेत की," असं कुणी म्हणेल. अमेरिकेतल्या रॉबर्ट स्पिट्झर या नामवंत मानसोपचारतज्ज्ञानं २००३ मध्ये तसा अभ्यास छापला होता. २०१२ मध्ये त्यानंच तो चुकीचा असल्याचं मान्य करून समलिंगी समाजाची जाहीर माफी मागितली.

आयोगाचा धाक डॉक्टरांना. भिंतीवर 'गुप्तरोग' रंगवून बसलेल्या वैदूला आणि अंगात आलंय म्हणणाऱ्या बाबाला त्याचं काय? भूत उतरवायच्या नावाखाली लेकराला मारहाण झाली, तर जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आपल्या राज्यात आहे. सरळ पोलिसांत जा.

आणि लग्नाचं म्हणाल तर त्या दुसऱ्या घरच्या मुलीनं काय पाप केलंय? तिच्या बापानं कर्ज काढून लग्न लावायचं, हिनं रात्र रात्र स्वतःतच खोट शोधायची आणि वर्ष झालं की सासूनं विचारायचं, "अजून कसं काही नाही?" याला मी फसवणूक म्हणतो. आईबापांनी रडून केली तरी फसवणूकच.

लेकरू खचलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडं जरूर न्या, पण खचलेपणासाठी न्या. सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, आईबापांनीही लावावा. आणि कुणी डॉक्टरनं 'बदलून देतो' म्हणत चिठ्ठी लिहिली असेल तर ती रागानं फाडू नका. पावतीसकट जपून ठेवा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं तक्रार करताना तीच कामाला येते.